एका चित्रमालिकेचा उत्तररंग

कीर्तनाला नित्य जाणाऱ्या मंडळींत दोन प्रकारचे लोक असतात. कांहीं नमनापासून येऊन बसतात. कांहीं बुवांना हार घालण्याच्या व बुक्का लावण्याच्या सुमारास, म्हणजे पूर्वरंग संपून आख्यानाला तोंड लागण्याच्या बेतांत असतांना, हळूच मागच्या दारानें आंत येतात. या दुसऱ्या लोकांना विचाराल तर ते सांगतील कीं, पूर्वरंगांत नवें असें काय असतें? तेंच निरूपण, तेच दृष्टान्त. खरी गोडी उत्तररंगाची. त्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. पुष्कळ बुवांचा पूर्वरंग खरोखरच लांबतो, आणि श्रोत्यांचें अर्धें चित्त घराकडे असतें. परंतु ज्याला ही विद्या साधली आहे असा कीर्तनकार पूर्वरंगांत सहज म्हणून एखादा शब्द टाकून जातो, आणि तासाभरानें, आख्यान ऐन रंगांत आलें असतां, तोच शब्द अशा जागीं उच्चारतो कीं आरंभापासून बसलेल्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. मागच्या दारानें आलेले मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

आज मला बोलावयाचें आहे तें कीर्तनाविषयीं नव्हे, तर मुलांच्या एका चित्रमालिकेविषयीं. चित्रमालिका म्हणजे हातानें काढलेलीं असंख्य चित्रें पडद्यावर एकामागून एक पळवून सांगितलेली क्रमशः गोष्ट. मुलें तिला सरसकट कार्टून म्हणतात. हा प्रकार परका आहे असें म्हणून नाक मुरडण्याचें आपल्याला कारण नाहीं. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथींतील एकेक चित्र पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें गात आलीं आहेत. दादासाहेब फाळक्यांनीं तर 'राजा हरिश्चंद्र' निर्माण करण्यापूर्वीं, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याचें रोप कॅमेऱ्यापुढें ठेवून त्याची वाढ दिवसांमागून दिवस, एकेक चित्र घेऊन, टिपली होती. आणि पुढें १९१५ मध्यें 'आगकाड्यांची मौज' या लहानशा चित्रपटांत निर्जीव काड्यांना नाचविलें होतें. महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत क्षणांत घडतांना पाहून लोक चकित झाले. पण ते क्षण मिळविण्यासाठीं फाळक्यांना तो महिना बसून काढावा लागलाच होता.

मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती मालिका अमेरिकेंतली. तिचें नांव 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनीं ती रचिली. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर तिचा पहिला भाग २१ फेब्रुवारी २००५ रोजीं लागला आणि शेवटचा १९ जुलै २००८ रोजीं. पर्वें तीन, भाग एकंदर ६१. कथा लिहिली गेली अमेरिकेंत, चित्रें बव्हंशीं काढलीं गेलीं दक्षिण कोरियांतील चित्रशाळांत, आणि नांव मात्र आपल्या घरचें. यांपैकीं पहिलें पर्व, ज्याला कर्त्यांनीं 'जल' असें नांव दिलें आहे, तेवढ्यापुरतेंच मी बोलेन. त्याचे भाग २०, आणि प्रत्येक भाग सुमारें २३ मिनिटांचा.

या जलपर्वाची ख्याति मोठी चमत्कारिक आहे. त्याचा पूर्वार्ध मंद, उत्तरार्ध अप्रतिम, असें बहुतेक सारे सांगतात, आणि नव्या प्रेक्षकाला 'पहिले अकरा भाग कसेबसे सोसा, मग पाहा' असा सल्ला देतात. मला हा सल्ला फार दिवस खटकत होता. अकरा भाग म्हणजे सव्वाचार तास. एवढा वेळ एखाद्याला, त्यांतून लहान मुलाला, सोसावयास सांगण्याचा आपल्याला अधिकार काय? पुढें मिळणाऱ्या सुखाच्या भरंवशावर आधींचा कंटाळा गळीं मारणें हा सौदा खरा कीं फसवा? शिवाय, पुढचें चांगलें निघालें म्हणून मागचें वाईट होतें तें चांगलें कसें ठरतें?

हा प्रश्न माझ्यापुढें प्रत्यक्ष उभा राहिला तो गेल्या मे महिन्याच्या सुटींत. आमचें चिरनेर हें उरणजवळचें गांव. एके काळीं तें पनवेल तालुक्यांत मोडत असे. सुटींत आळींतील मुलें दिवेलागणीनंतर माझ्या पडवींत जमूं लागलीं आणि मी रोज एक भाग दाखवूं लागलों. संवाद इंग्रजी असल्यामुळें ते मधून मधून थांबवून मराठींत सांगण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. पहिल्या दिवशीं बारा मुलें होतीं; पांचव्या दिवशीं चार उरलीं. उरलेल्या चारांपैकीं एकाला रोज झोप लागत असे.

आधीं गोष्ट सांगतों. एका कल्पित जगांत जल, पृथ्वी, अग्नि आणि वायु या चार महाभूतांच्या नांवानें चार लोकसमूह नांदत असतात. प्रत्येक समूहांतील कांहीं माणसांना आपापलें महाभूत हवें तसें वळविण्याची विद्या अवगत असते. चारहि भूतांवर सत्ता चालते ती एकट्याचीच. त्याला अवतार म्हणतात, आणि तो मेला कीं पुढच्या समूहांत पुन्हां जन्म घेतो. शंभर वर्षांपूर्वीं अग्निराष्ट्रानें युद्ध पुकारलें आणि नेमका त्याच वेळीं अवतार नाहींसा झाला. दक्षिण ध्रुवाकडच्या एका उजाड वस्तींतील कटारा व सोक्का हीं भावंडें मासे धरावयास गेलीं असतां त्यांना हिमखंडांत गोठलेला एक बारा वर्षांचा मुलगा सांपडतो. त्याचें नांव आँग. तोच अवतार. त्याला जलविद्या शिकावयाची तर उत्तर ध्रुवावरील गुरूपर्यंत पोहोंचलें पाहिजे, म्हणून हीं तिघें निघतात. आणि त्यांच्या मागावर अग्निराष्ट्राचा एक हद्दपार राजपुत्र निघतो, त्याचें नांव झूको. झूको सोळा वर्षांचा. त्याच्या डाव्या डोळ्याभोंवतीं भाजल्याचा मोठा व्रण आहे. हा व्रण ध्यानांत ठेवा.

पूर्वार्धाचा दोष असा कीं त्यांत प्रवास आहे, पण वाट पुढें सरकत नाहीं. अप्पा नांवाच्या सहा पायांच्या उडत्या गव्यावर बसून तिघें एका गांवीं उतरतात, त्या गांवाला कांहीं दुःख असतें, वीस मिनिटांत तें दूर होतें, पुन्हां उड्डाण. सोक्काला भूक लागते, त्यावर थट्टा; आँग एखाद्या विचित्र प्राण्यावर बसून घसरतो, त्यावर थट्टा. चौथा भाग असाच, पांचवा बराचसा असाच, नववा असाच. अकरावा भाग तर मला वाटतें सबंध मालिकेंतला सर्वांत पडका. एका मोठ्या घळींतून दोन भांडखोर टोळ्यांना पार न्यावयाचें, एवढाच विषय. आणि शेवटीं आँग एक बनावट हकीकत सांगून त्यांचें पिढीजात वैर मिटवितो. पुढें तिसऱ्या पर्वांत या मालिकेच्या कर्त्यांनींच एक नाटकांतलें नाटक घालून स्वतःची थट्टा केली आहे. त्यांत नट मंडळी याच घळीवरून उडत जातात आणि खालीं उतरण्याचेंहि नाकारतात. कर्त्यांना स्वतःचें उणें कळलें होतें, हें मला आवडलें. पण तेवढ्यानें तो भाग सुधारत नाहीं.

तरीहि सारा पूर्वार्ध वाळवंट आहे असें कोणी म्हणेल तर तें मी मान्य करणार नाहीं. तिसऱ्या भागांत आँग आपल्या जुन्या मठांत परत येतो. त्याच्या समजुतीनें तो तेथून निघून कांहीं दिवसच झाले आहेत. तो हंसतखेळत सोबत्यांना मठ दाखवितो, येथें आम्ही खेळत होतों, येथें माझे गुरु मला पोळ्या करून देत, असें सांगतो. मग एका पडक्या दालनांत त्याला ते गुरु सांपडतात, म्हणजे त्यांचा सांगाडा सांपडतो. भोंवतीं अग्निराष्ट्राच्या शिपायांचीं शिरस्त्राणें आणि हाडें. मुलांसाठीं काढलेल्या चित्रांत एका सबंध लोकसमूहाचा संहार इतक्या थोडक्यांत, एकहि रक्ताचा थेंब न दाखवितां, सांगितलेला मीं दुसरीकडे पाहिलेला नाहीं. आमच्या पडवींत त्या दिवशीं कोणी बोललें नाहीं. दहाव्या भागांत जेट नांवाचा एक पोरसवदा बंडखोर आहे. अग्निराष्ट्रानें त्याचे आईबाप मारलेले. तो झाडांवर राहून शिपायांना लुटतो, आणि मुलांना तत्काळ आवडतो. मग कळतें कीं धरण फोडून खालचें सारें गांव, शिपाई आणि निरपराध माणसें दोन्ही, बुडविण्याचा त्याचा बेत आहे. मुलांना त्यानें दिलेला हा धक्का मोलाचा आहे.

म्हणजे मंदपणा सर्वत्र सारखा नव्हे, आणि तो एका जातीचाहि नव्हे. माझ्या मतें कथेंतील संथपणा दोन प्रकारचा असतो. एक नुसता भरतीचा. ठरलेले भाग पुरे करावयाचे म्हणून घातलेला. दुसरा सांठवणीचा. या दुसऱ्यांत लेखक कांहीं वस्तु आपल्या हातीं देऊन ठेवतो आणि ती कशासाठीं दिली हें सांगत नाहीं. मराठी वाचकाला हा अनुभव जुना आहे. हरि नारायण आपट्यांनीं १८९० मध्यें 'करमणूक' पत्र सुरू केलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यांतच क्रमशः दिली. तींत यमूच्या बाळपणीच्या घरगुती बारीकसारीक हकीकती पानेंच्या पानें चालतात. आज कोणी उतावळा वाचक म्हणेल, हें सर्व कशाला? पण त्या घराची ऊब आधीं अंगीं लागलेली नसेल तर पुढें यमूवर जें ओढवतें त्याचा चटका लागेल तो कशानें? महाभारतांतहि आदिपर्वांतील वंशावळींतून वाट काढीत सभापर्वाला पोहोंचलेला श्रोता आणि द्यूतापाशींच येऊन बसलेला श्रोता, हे दोघे एकच द्यूत ऐकत नाहींत.

हे दोन्ही प्रकार जलपर्वाच्या पूर्वार्धांत एकमेकांत मिसळून गेले आहेत, म्हणूनच त्याच्याविषयीं बोलणें कठीण. पाहत असतांना कोणता कोणत्या जातीचा हें ओळखूं येत नाहीं. तें ओळखूं येतें तें बाराव्या भागांत.

बाराव्या भागाचें नांव 'वादळ'. त्यांत घडतें फारच थोडें. एक म्हातारा कोळी वादळांत सांपडतो आणि त्याला सोडवावयाचा आहे, एवढेंच. पण त्या निमित्तानें दोन गोष्टी शेजारीं शेजारीं सांगितल्या जातात. एका गुहेंत आश्रयाला बसलेला आँग कटाराला सांगतो कीं, हिमखंडांत तो अपघातानें सांपडला हें खरें, पण त्या रात्रीं तो मठांतून पळून निघाला होता. अवतार असल्याचें कळतांच सोबतीच्या मुलांनीं त्याला खेळांत घेणें सोडलें. एक गुरु तेवढे त्याला मूल म्हणून वागवीत, तर वडील मंडळींनीं त्याला त्यांच्यापासूनहि तोडून दूर पाठविण्याचें ठरविलें. तें ऐकून तो रातोरात निघाला. त्यानंतर अग्निराष्ट्र त्या मठांवर चालून आलें, आणि तो तेथें नव्हता. पहिल्या भागांत कटारानें त्याला अवताराविषयीं विचारलें होतें तेव्हां त्यानें नाहीं म्हणून मान वळविली होती. आम्हीं ती पोरकट लपवाछपवी समजून सोडून दिली होती. घसरगुंड्या, खेळ, उगाच वेळ काढणें, ज्याला आम्ही अकरा भाग कंटाळलों होतों, तें सारें पळून आलेल्या मुलाचें पळणें होतें.

त्याच वेळीं झूकोच्या जहाजावर त्याचे काका आयरो खलाशांना दुसरी गोष्ट सांगतात. तेरा वर्षांचा झूको हट्टानें युद्धमंडळाच्या बैठकींत जाऊन बसला. तेथें एका सेनापतीनें नव्या रंगरूटांची एक तुकडी मुद्दाम शत्रूच्या तोंडीं देण्याचा बेत मांडला. झूको न राहवून बोलला कीं, जीं माणसें आपल्या देशावर प्रेम करतात त्यांचा असा घात करणें योग्य नव्हे. मोठ्यांच्या सभेंत तोंड उघडल्याबद्दल त्याला द्वंद्व करण्याची शिक्षा झाली. त्या द्वंद्वाला तेथें 'अग्नि काय' म्हणतात. आमच्या मुलांना तो प्रश्नच वाटला आणि तीं हंसलीं. तीं हंसलीं तीं शेवटचींच. झूकोला वाटलें होतें कीं सामना त्या सेनापतीशीं आहे. पण वळून पाहतो तों समोर प्रत्यक्ष बाप. तो गुडघे टेकून क्षमा मागतो, लढण्याचें नाकारतो. बाप त्याचें तोंड भाजतो आणि त्याला देशाबाहेर घालवितो. शंभर वर्षें कोणीं न पाहिलेला अवतार पकडून आणलास तरच परत ये, अशी अट.

श्रोतेहो, तो व्रण पहिल्या भागापासून आमच्या डोळ्यांसमोर होता. अकरा भाग आम्हीं तो दुष्टाची खूण म्हणून पाहिला. तमाशांत खलनायकाच्या भुंवया जाड रंगवितात, तशांतलाच प्रकार असें आम्ही मानीत होतों. चित्रांतील एकहि रेघ बदलली नाहीं. आणि बाराव्या भागानंतर तो चेहरा निराळाच झाला. जो मुलगा रोज झोपत असे त्यानें मला विचारलें, "म्हणजे त्यानें शिपायांची बाजू घेतली म्हणून त्याला भाजलें?" मीं होय म्हटलें. दुसऱ्या दिवशीं नऊ मुलें आलीं, आणि त्यांना पहिला भाग पुन्हां पाहावयाचा होता.

माझ्या प्रश्नाचें उत्तर मला येथें मिळालें. उत्तरार्ध पूर्वार्धाला तारतो तो स्वतः अधिक चांगला असल्यामुळें नव्हे. जेवणांत आमटी बिघडली आणि शेवटीं खीर चांगली मिळाली तरी आमटी बिघडलेलीच राहते. तो तारतो केव्हां, तर मागें हात घालून आधीं पाहिलेल्याचा अर्थ बदलतो तेव्हां. जेथें त्याचा हात पोहोंचत नाहीं तें तसेंच राहतें. अकराव्या भागांतील ती घळ मागाहून कोणींहि उजळलेली नाहीं, आणि माझ्या पडवींत पुन्हां कधीं ही मालिका दाखविली तर तो भाग मी खुशाल वगळीन.

तेराव्या भागांत व्रणाचा हा नवा अर्थ लगेच कसाला लावला जातो. झूकोचा प्रतिस्पर्धी सेनानी झाओ आँगला पकडून भक्कम किल्ल्यांत डांबतो. रात्रीं निळा मुखवटा घातलेला कोणी एक येऊन त्याला सोडवितो. त्या झटापटींत मुखवटा निघतो, आणि खालीं झूको. दुसऱ्यानें अवतार पकडला तर आपली घरीं जाण्याची वाट बंद होते, म्हणून त्यानें सोडविलेलें. आँग त्याला तेथें टाकून पळत नाहीं. शुद्धीवर येईपर्यंत शेजारीं बसतो, आणि सांगतो कीं शंभर वर्षांपूर्वीं अग्निराष्ट्रांत माझा एक जिवलग मित्र होता. आपण तेव्हां भेटलों असतों तर मित्र झालों असतों काय? झूकोचें उत्तर म्हणजे ज्वाळेचा लोट. आँग उडून जातो. पुढें दोघेहि आपापल्या जागीं पडून राहतात, आणि झूको अग्निराष्ट्राच्या ध्वजाकडे पाठ करून निजतो. यावर कोणी एक शब्द बोलत नाहीं.

यानंतर सारेंच सोनें आहे असें नाहीं. चौदाव्या भागांत भविष्य सांगणाऱ्या बाईची गोष्ट येते, आणि पुन्हां तीच जुनी चाल. मुलें मात्र तो भाग खळखळून हंसत पाहत होतीं, तेव्हां माझें मत बाजूला ठेवलेलें बरें. पण कटाराच्या गळ्यांतील हाराविषयीं सांगितलें पाहिजे. तो तिच्या आईचा, म्हणून ती जपते, एवढेंच आपल्याला ठाऊक असतें. सहाव्या भागांत तो हरवतो, झूकोच्या हातीं लागतो, पुढें परत मिळतो. हरवण्या-सांपडण्याचा हा खेळ मला कथानक लांबविण्याची युक्ति वाटली होती. अठराव्या भागांत तीं तिघें उत्तर ध्रुवावर पोहोंचतात, तर तेथील जलविद्येचा गुरु पाक्कू मुलीला शिकविण्याचें साफ नाकारतो. ती त्याला आव्हान देते, लढते, आणि हरते. झटापटींत तुटून पडलेला तो हार पाक्कू उचलतो आणि थबकतो. कारण साठ वर्षांपूर्वीं तो त्यानेंच आपल्या वाग्दत्त वधूसाठीं कोरलेला असतो. ती वधू म्हणजे कटाराची आजी. जेथें मुलींना ही विद्या शिकूं देत नाहींत तो देश आणि ठरलेलें लग्न, दोन्ही सोडून ती एकटी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली होती. पहिल्या भागांत शेगडीशेजारीं बसलेली ती म्हातारी आमच्यापैकीं कोणाच्याहि लक्षांत राहिली नव्हती.

आतां थोडें आमच्या गांवाकडे वळतों; तें विषयाला सोडून नाहीं. चिरनेरचें नांव बाहेर ठाऊक आहे तें २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळें. अक्कादेवीच्या टेकडीवर जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मे झाले, आणि त्याच धुमश्चक्रींत मामलेदार जोशी यांचाहि अंत झाला. पुढें जो खटला चालला त्यांत आरोपींच्या बचावासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. दर वर्षीं त्या तारखेला हुतात्म्यांना मानवंदना होते. बंदुकींचे बार निघतात, आणि लहान मुलें कानांवर हात ठेवतात. गोळीबार, नांवें, मानवंदना. आमच्या मुलांना हें सारें पाठ आहे. बाराव्या भागानंतरच्या संध्याकाळीं त्यांतल्याच एका मुलीनें मला विचारलें, "पण लोक टेकडीवर गेले होते कशाला?"

आम्ही आमच्या गोष्टीचा उत्तररंग तेवढा सांगत आलों आहों. त्याचा पूर्वरंग संथ आहे आणि त्यांत एकहि बंदूक नाहीं. त्यांत आहे राब. भाताचें रोप करावयाच्या तुकड्यावर उन्हाळ्यांत शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत आणि वर मातीचा हात पसरून तो जाळावयाचा. पाऊस लागला कीं त्या भाजलेल्या जमिनींत बीं टाकावयाचें. रोप तयार झालें म्हणजे उपटून लावणी. त्या राबाला पाला आणि डहाळ्या हव्यात, नांगराला लांकूड हवें, गुरांना चराई हवी. आणि तें सर्व ज्या रानांतून यावयाचें त्या रानावर सरकारचा कायदा बसलेला. ठाणें-कुलाब्याकडे राबाची ही तक्रार एकोणिसाव्या शतकापासूनची. १९२७ मध्यें नवा जंगल कायदा झाला. १९३० च्या पावसाळ्यांत मिठाचा सत्याग्रह चालविणें अशक्य, कारण पावसांत मीठ पिकत नाहीं. म्हणून चळवळ रानांकडे वळली, आणि १० जुलै १९३० रोजीं लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह केला. तेथून ती ठिकठिकाणीं पसरत आली.

हें मीं मुलांना दोन संध्याकाळीं सांगितलें. तीं चुळबुळ करीत होतीं. राब हा शब्दच त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलेला नव्हता, आणि पाल्यासाठीं कोणी सरकारशीं भांडतें हें त्यांना पटेना. माझा पूर्वरंग रंगला असें मी म्हणणार नाहीं. मात्र तिसऱ्या दिवशीं त्यांतील एक मुलगा आपल्या आजोबांना, आपल्याकडे राब कोठें भाजीत, असें विचारून आला होता. आजोबांनीं त्याला ती जागा नेऊन दाखविली. तेथें आतां कोणाची तरी मोटार उभी असते.

पर्वाचे शेवटचे दोन भाग आम्हीं एकाच रात्रीं पाहिले. मुलांनीं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याचें नाकारलें. अग्निराष्ट्राचें प्रचंड आरमार उत्तर ध्रुवावर चालून येतें. जलविद्येचें बळ चंद्रापासून येतें, आणि चंद्राचा प्राण त्या नगरींत एका माशाच्या रूपानें लहानशा तळ्यांत फिरत असतो. झाओ त्या माशाला ठार मारतो. चंद्र विझतो, पडद्यावरचे रंग जाऊन राखेसारखी छटा उरते. युए नांवाची तेथली राजकन्या जन्मतः मृतवत् असतां चंद्रानेंच तिला आपल्या प्राणांतला अंश दिलेला असतो. तो ती परत करते आणि स्वतः चंद्र होते. सोक्का, ज्याच्या भुकेवरच्या थट्टा आम्हीं वीस भाग ऐकल्या, तिच्यावर प्रेम करूं लागलेला असतो. त्याच्या तोंडीं त्या वेळीं थट्टा नाहीं. आँग सागराच्या देवतेशीं एकरूप होऊन सारें आरमार मागें लोटतो. तें दृश्य पाहतांना मुलें टाळ्या पिटतील असें मला वाटलें होतें, पण तीं भ्यालीं. आणि मला वाटतें कर्त्यांनाहि तेंच हवें होतें.

परंतु मुलांत वाद माजला तो त्याविषयीं नव्हे. शेवटीं सागराची देवता झाओला उचलून घेऊन जाऊं लागते. हाच झाओ, ज्यानें थोड्याच दिवसांपूर्वीं झूकोचें जहाज उडवून देऊन त्याला मारण्याचा घाट घातला होता. त्याच्याशीं लढत असलेला झूको त्याला जातांना पाहतो, पुढें होतो आणि हात देतो. झाओ हात पुढें करतो, क्षणभर थबकतो आणि मागें घेतो. पाणी त्याला ओढून नेतें.

एकाचें म्हणणें, झूकोनें हात द्यावयाचाच नव्हता. दुसऱ्याचें म्हणणें, ज्यानें तेराव्या वर्षीं अनोळखी शिपायांसाठीं तोंड भाजून घेतलें तो आणखी काय करणार? त्या मुलीला मात्र झाओचेंच कोडें पडलें होतें. बुडणाऱ्या माणसानें मिळालेला हात कां सोडावा? मीं कांहीं कारणें सांगितलीं, गर्व, द्वेष, लाज. तिला एकहि पटलें नाहीं. रात्र बरीच झाली होती. सारीं उठून गेलीं, आणि दुसऱ्या दिवशीं पृथ्वीपर्वाचा पहिला भाग पाहावयास बारापैकीं अकरा मुलें वेळेवर हजर होतीं. बारावा मामाच्या गांवीं गेला होता.